गाईडच्या दारात पहिलं पाऊल

पीएच.डी.साठी मार्गदर्शकाची पहिली भेट जेमतेम अर्ध्या तासाची असते, पण पुढची चार-पाच वर्षं त्या अर्ध्या तासावर अवलंबून असतात. या भेटीला जाताना काय वाचावं, काय विचारावं, आणि घरच्यांनी किती मध्ये पडावं?

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवरून एका बाजूला रायपूर लागतं, दुसऱ्या बाजूला दुर्ग आणि पुढे थेट नागपूर. पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा याच रुळांवरून विदर्भातली कितीतरी कुटुंबं इथे नोकरीसाठी आली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि त्यानंतर या घरांचं बस्तान पक्कं बसलं. पहिली पिढी कारखान्यात गेली, दुसरी इंजिनिअरिंग कॉलेजात आणि बँकेत. आता तिसऱ्या पिढीतली एखादी मुलगी एम.एस्सी. होते आणि जेवताना सांगून टाकते, "बाबा, मला पीएच.डी. करायचीय. मंगळवारी गाईडना भेटायला जायचंय."

मग घरात एकच धांदल! आई विचारते, "साडी नेसणार की ड्रेस?" बाबा विचारतात, "मी येऊ का बरोबर?" काका आठवण काढतात, "त्या खात्यात आपल्या ओळखीचं कुणी आहे का बघतो." आजी म्हणते, "रिकाम्या हाती जाऊ नकोस, पेढे घेऊन जा." सगळ्यांचा हेतू चांगला असतो. पण भेटीत नेमकं बोलायचं काय, हा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही.

पूर्वी संशोधन म्हटलं की पुणे-मुंबई गाठावी लागे. आता भिलाईकरांसाठी दारं जवळ आली आहेत. रायपूरला पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ 1964 पासून आहे. भिलाईत स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ 2005 मध्ये आलं, दुर्गचं विद्यापीठ 2015 मध्ये. 2016 मध्ये सुरू झालेल्या भिलाई आयआयटीचा स्वतःचा परिसर आता कुटेलाभाटा इथे उभा आहे. शिवाय 1923 सालचं नागपूर विद्यापीठ आहेच. दारं वाढली, पण दार ठोठवायचं कसं हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

एक भेट, 1933 सालची

गाईडच्या भेटीची आपल्याकडची सर्वांत बोलकी गोष्ट कमला भागवत यांची, म्हणजे पुढे शास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या डॉ. कमला सोहोनी यांची. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा कमलाताईंनी मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिला क्रमांक मिळवल्यावर त्याच संस्थेत अर्ज करावा, यात नवल काहीच नव्हतं.

संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. अर्ज परत आला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. गुणांबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

कमलाताई वडिलांबरोबर बंगलोरला गेल्या आणि थेट रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मुलींना घेणार नाही, असंच उत्तर मिळालं. त्यांनी रडारड केली नाही की कुणाची शिफारसही आणली नाही. आपल्याला का नाकारलं जातंय याचं कारण द्या, एवढंच त्या मागत राहिल्या. काळ गांधीजींचा होता, आणि ही मुलगी सत्याग्रह करायला तयार होती. अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून प्रवेश नाही. काम पसंत पडलं तरच ते मान्य होईल. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. आणि संस्थेतलं वातावरण बिघडता कामा नये! शेवटची अट अपमानकारक होती आणि कमलाताईंना तो अपमान आयुष्यभर सलला. तरी त्यांनी अटी स्वीकारल्या.

त्यांचे प्रत्यक्ष मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवण्याची मनापासून आवड असलेले. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर कमलाताईंनी त्यांच्या हाताखाली काम केलं. वर्षभराने रामन यांनी त्यांना रीतसर प्रवेश दिला आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. 1936 मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या, मग केंब्रिजला गेल्या आणि 1939 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. तो प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता!

आजच्या मुलांनी या गोष्टीतून काय घ्यायचं? अपमान सोसा, हे मुळीच नाही. तशी अट आज कुणी घातली तर ती बेकायदा ठरेल. घ्यायचं ते एवढंच, की कमलाताई भेटीला गेल्या तेव्हा त्यांची तयारी पक्की होती. आपल्याला काय हवं आहे, कशासाठी हवं आहे आणि नकार मिळाला तर काय विचारायचं, हे त्यांना ठाऊक होतं. नुसत्या धिटाईवर त्यांचं काम झालं नसतं.

"मला पीएच.डी. करायचीय" हा विषय नव्हे

गाईडचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "कशावर काम करायचंय?" आणि उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "सर, तुम्ही सांगाल त्यावर." आपल्याला वाटतं, ही नम्रता. सरांना मात्र त्यातून कळतं की समोरच्याने विचारच केलेला नाही.

संपूर्ण आराखडा तयार हवा असं नाही. पण एखादी दिशा, एखादं कुतूहल स्वतःचं हवं. "मला भातावर काम करायचंय" म्हणणं आणि "छत्तीसगडच्या जुन्या भातवाणांपैकी कमी पाण्यावर तग धरणाऱ्या वाणांचा अभ्यास करायचाय" म्हणणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्या वाक्यावर गप्पा सुरू होतात. डॉ. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात या भागातून हजारो भातवाण गोळा केले होते, रायपूरच्या कृषी विद्यापीठात केवढा मोठा संग्रह आहे, त्यातल्या कशाचा अभ्यास झालाय नि कशाचा बाकी आहे, असं बोलणं पुढे सरकतं.

भाषेच्या विद्यार्थ्याचंही तसंच. बस्तरची हलबी ही मराठी, छत्तीसगडी आणि ओडिया यांच्या मेळातून घडलेली बोली. ग्रिअर्सन यांनी भाषा-सर्वेक्षणात तिला मराठीच्या दालनात बसवलं होतं. घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलत वाढलेल्या भिलाईच्या मुलाला या बोलीकडे पाहण्याची जी नजर असेल, ती पुण्यात बसून सहज येणार नाही. इंजिनिअरिंगवाल्यांच्या तर उशाशीच कारखाना! भट्टीतून निघणारी मळी रस्त्याच्या कामात वा सिमेंटमध्ये कशी वापरता येईल, हा प्रश्न त्यांनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेला असतो. आपल्या अंगणातला विषय छोटा असतो, असं मुळीच समजू नये.

आधी गाईड वाचा

लग्न जमवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. गाईडच्या बाबतीत मात्र "सर चांगले आहेत म्हणतात" एवढ्यावर भागवतो. चार-पाच वर्षं ज्यांच्या सल्ल्याने चालायचं, त्यांचं काम आधी वाचायला नको?

निदान तीन निबंध वाचा. एक जुना, दोन अलीकडचे. सगळं समजलं नाही तरी चालेल. सरांचा मुख्य प्रश्न कोणता आणि अलीकडे त्यांचा कल कुठे झुकतोय, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. जे समजलं नाही ते वहीत टिपून ठेवा. भेटीत हाच प्रश्न तुमच्या कामी येतो, कारण आपला निबंध कुणी खरोखर वाचलाय हे कुठल्याही प्राध्यापकाला एका प्रश्नातच कळतं.

दुसरी पायरी 'शोधगंगा'ची. देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध इथे इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. गाईडच्या नावावरून त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधता येतात. प्रबंध कितपत नेटका आहे आणि एकाच विषयाला नुसती गावं बदलून दळण दळलंय का, हे चाळतानाच लक्षात येतं.

तिसरी पायरी माणसांची. त्याच गाईडच्या हाताखाली सध्या काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा. कँटीनमध्ये चहा घेता घेता विचारा, "सर किती दिवसांनी भेटतात? लिहिलेलं परत कधी मिळतं? किती जणांचं काम पूर्ण झालं, किती जणांनी मध्येच सोडलं?" या उत्तरांची बरोबरी कुठलंही माहितीपत्रक करू शकत नाही.

चार ओळींचं पत्र

न कळवता जाऊन दारात उभं राहू नये. आधी ई-मेल करावा, आणि तो छोटा असावा. "परमपूज्य गुरुवर्य"ने सुरुवात करून आत्मचरित्र लिहू नये, तसंच एकच मजकूर चाळीस जणांना पाठवू नये. असं काहीसं लिहिलं तरी पुरे :

"आदरणीय मॅडम, मी यंदा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. औद्योगिक सांडपाण्यावरचा आपला अलीकडचा निबंध वाचला. त्यातल्या नमुने घेण्याच्या पद्धतीबद्दल मला एक शंका आहे. याच दिशेने पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. आपल्याकडे यंदा जागा आहे का, आणि असल्यास वीस मिनिटं भेटता येईल का? सोबत एका पानाची माहिती जोडली आहे."

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी. तरीही उत्तर नसेल तर दुसरं दार पाहावं. प्राध्यापकांच्या टेबलावर परीक्षेचे गठ्ठे असतात. उत्तर न येणं म्हणजे अपमान नव्हे.

प्रत्यक्ष भेटीत

कपडे साधे, स्वच्छ, रोज वापरातले असावेत. वेळेआधी दहा मिनिटं पोहोचावं. बरोबर गुणपत्रकांच्या प्रती, एका पानाची माहिती, एम.एस्सी.च्या प्रकल्पाची प्रत आणि एक वही असावी. नमस्कार करावा. पाया पडायची घरची सवय असेल तर गोष्ट वेगळी, पण तो प्रवेशाचा मार्ग नव्हे. पेढेही घरीच ठेवा, ते पदवी मिळाल्यावर वाटा. पहिल्या भेटीत भेटवस्तू दिली की समोरचा माणूस अवघडतो. ओळखीच्या काकांचा फोन आदल्या दिवशी गेला असेल, तर तो अधिकच अवघडतो.

बाबांनी यावं का? गाव लांब असेल तर जरूर यावं, पण खोलीबाहेर थांबावं. मुलीच्या वतीने वडील बोलू लागले की गाईडना प्रश्न पडतो, उद्या प्रयोग फसला तर उत्तर कोण देणार? कमलाताईंचे वडील बरोबर होते, पण कारण विचारलं ते कमलाताईंनीच.

भाषेचा बाऊ करू नका. रायपूर-दुर्गला हिंदीत विचारलं तर हिंदीत बोला, नागपूरला मराठीत. विषयाचे शब्द इंग्रजीत आले तरी हरकत नाही. येत नसेल तिथे सरळ म्हणा, "हे मला माहीत नाही, वाचून सांगते." गाईडला सर्वज्ञ विद्यार्थी नको असतो, खरं बोलणारा हवा असतो. पुढे प्रयोगाची आकडेवारी त्याच्यावर विश्वास ठेवूनच स्वीकारायची असते.

भेट संपली की त्याच संध्याकाळी दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवा आणि सांगितलेलं वाचन आठवडाभरात संपवून कळवा. कितीतरी उमेदवार इथेच गळतात.

तुम्हीही विचारा

ही भेट एकतर्फी परीक्षा नाही. जसे ते तुम्हाला पारखतात, तसं तुम्हीही त्यांना पारखायचं असतं. त्यासाठी नियम ठाऊक हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून "सर, आपल्याकडे जागा आहे का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, गरजेचा आहे.

अभ्यासक्रम धरून पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात, कमाल मुदत सहा वर्षं. नोकरी सांभाळून करायची असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. 2024 पासून 'नेट' परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले आहेत. गाईडनी तोंडी "ये" म्हटलं म्हणजे प्रवेश झाला असं मात्र समजू नका. परीक्षा, मुलाखत आणि खात्याचा निर्णय या पायऱ्या चढाव्याच लागतात.

पैशाचं विचारायला आपण लाजतो. लाजू नये. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37 हजार रुपये आहे, त्यानंतर 42 हजार. पण ती सगळ्यांना मिळत नाही. ती नसेल तर प्रकल्पातून काही मिळेल का, रसायनं आणि प्रवासाचा खर्च कोण करणार, हे पहिल्या नाही तरी दुसऱ्या भेटीत स्पष्ट करून घ्यावं. घरचा हिशेब त्यावर बसतो.

गाईडशी मतभेद झाला तर?

बऱ्याच मुलांना वाटतं, गाईड म्हणेल तीच पूर्व दिशा. इतिहास मात्र वेगळं सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि 1923 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. त्या प्रस्तावनेत त्यांनी आपले मतभेद उघड नोंदवले, आणि तरीही विद्यार्थ्याच्या विचारांतल्या ताजेपणाची कदर केली!

इरावती कर्वे यांनी मुंबईत प्रा. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. केलं आणि 1928 मध्ये त्या बर्लिनला गेल्या. महर्षी कर्व्यांच्या घरची ही सून. तरी सुनेने परदेशी जावं याला खुद्द महर्षींचा विरोध होता, पती दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले. तिथले गाईड ऑयगन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवट्यांची मोजमापं घेऊन इरावतीबाईंनी जो निष्कर्ष काढला तो फिशर यांच्या कल्पनेला दुजोरा देणारा नव्हता. त्यांनी तो तसाच मांडला आणि डॉक्टरेटही मिळवली.

तेव्हा पहिल्या भेटीत हेही चाचपून पाहावं, की समोरची व्यक्ती "मला तसं वाटत नाही" हे वाक्य कसं ऐकून घेते. फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर ही गुरुशिष्यांची जोडी पुढे एका सिद्धांताला दोघांचंही नाव देऊन गेली. असं नातं नुसत्या होकारातून घडत नाही.

इथे सावध व्हा

प्रवेशासाठी किंवा विषय मंजूर करण्यासाठी पैसे मागितले, प्रबंध "लिहून मिळेल" असं सुचवलं, घरची कामं सांगितली किंवा भेटीला खात्याऐवजी घरी वा हॉटेलवर बोलावलं, तर तिथूनच परत फिरा. पहिली भेट खात्यातच, कामाच्या वेळेत व्हावी, हा मुलींसाठी आणि मुलांसाठीही साधा नियम. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. मुलीने अस्वस्थ करणारं काही घरी सांगितलं, तर "पदवी जाईल, गप्प बस" हे वाक्य आई-वडिलांच्या तोंडून कधीही येऊ नये.

घरच्यांसाठी दोन शब्द

"पाच वर्षं शिकत बसलीस तर लग्न कधी?" हा प्रश्न घरोघरी असतो. त्यावर भांडण्यापेक्षा नियम पाहा. स्त्री संशोधकांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. कमाल मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. लग्नामुळे गाव बदललं तर अटी पाळून संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूद आहे. म्हणजे लग्न की पीएच.डी., असा सवाल नियमांनी तरी ठेवलेला नाही. तो आपणच घरात मांडतो.

आणखी एक. पहिल्या भेटीतून मूल नकार घेऊन आलं, तर "मी म्हटलंच होतं" म्हणू नका. जागा नसेल, विषय जुळला नसेल, गाईड निवृत्त होत असतील, अशी नकाराची दहा कारणं असतात. "कारण विचारलंस का? दुसरं कुणाचं नाव सुचवलं का त्यांनी?" असं विचारा. पुष्कळदा पहिल्या गाईडच्या नकारातूनच योग्य गाईडचं नाव हाती लागतं.

जाण्याआधी तपासा

• गाईडचे तीन निबंध वाचले का? एक खरी शंका लिहून घेतली का?
• त्यांच्या विद्यार्थ्यांचा एक तरी प्रबंध चाळला का?
• आपला विषय दोन वाक्यांत, सोप्या भाषेत सांगता येतो का? आजीला सांगून पाहा.
• "पीएच.डी. कशासाठी?" याचं प्रामाणिक उत्तर तयार आहे का? "नोकरी नाही म्हणून" हे उत्तर असेल, तर आधी स्वतःशी बोला.
• जागा, भेटीची वारंवारता, फेलोशिप आणि साधनं, हे चार प्रश्न वहीत आहेत का?
• आणखी दोन गाईडची नावं राखून ठेवली आहेत का?

सहाही प्रश्नांना "हो" म्हणता आलं, तर मंगळवारची गाडी खुशाल पकडा.